तीनशे बारा शब्द

“आणि शिंगराला?”

“इंग्रजीत फोल.”

उस्ताद हसले. “नुकतं जन्मलं बिचारं, पाय धड टेकत नाहीत, आणि लगेच फोल?”

“त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ तसा नाही.”

“आणि त्या दुसऱ्या भाषेत?”

“डेनिशमध्ये फेल. पण ओठ गोल करून.” ऋजुताने ओठ गोल करून दाखवले. “फेल.”

“म्हणजे इंग्रजाकडे फोल आणि यांच्याकडे फेल. शिंगराचं कुठेच काही खरं नाही.”

“उस्ताद, माझा कागद...”

“नालाला काय म्हणतात?”

ऋजुताने डोळे मिटले. मनात पाचपर्यंत मोजलं. “हॉर्सशू. डेनिशमध्ये हेस्टेस्को. दोन्हींचा अर्थ घोड्याचा जोडा.”

“हे बरोबर,” उस्ताद म्हणाले. “हा शब्द ज्याने काढला, त्याने स्वतः नाल ठोकलेला असणार.”

यासीन उस्ताद नालबंदाच्या घरातले. वय पंचाहत्तरच्या पुढे. तापीकाठच्या एका घोडेबाजाराच्या गावाबाहेर त्यांची छोटी पागा होती. बिथरलेली, अंगाला हात लावू न देणारी जनावरं लोक त्यांच्याकडे आणून सोडत आणि महिन्या-दोन महिन्यांनी शांत झालेली घेऊन जात. मधल्या काळात उस्ताद काय करत, हे कुणाला सांगता येत नसे. उस्ताद तर सांगतच नसत.

ऋजुता चोवीस वर्षांची. पशुसंवर्धनाची पदवी, वर्गात पहिली. डेन्मार्कमधल्या एका अश्वशाळेने तिला वर्षभराच्या उमेदवारीसाठी निवडलं होतं. पुण्यात क्लास लावून तिने घोड्यांसंबंधीचे तीनशे बारा इंग्रजी शब्द आणि त्यांचे डेनिश प्रतिशब्द पाठ केले होते. वहीत इंग्रजी निळ्या शाईत होतं, डेनिश लाल शाईत.

राहिला होता एक कागद. घोड्यांत आयुष्य काढलेल्या कुणीतरी त्यावर सही करायची होती. शुक्रवारी पाचच्या आत तो तिकडे पोचला नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार. मग ऋजुतासाठी काकांच्या पतसंस्थेत खुर्ची तयारच होती. काकांनी त्या खुर्चीला गादीसुद्धा शिवून घेतली होती.

आज शुक्रवार होता.

ती आली बुधवारी. आल्या आल्या तिने कागद पुढे केला.

“काय लिहिलंय?” उस्तादांनी विचारलं.

“एकच ओळ आहे. ‘हिला घोड्याजवळ एकटं सोडता येईल.’ खाली तुमची सही.”

“तुझं काही बिघडणार नाही, ते दिसतंय मला. घोड्याचं?”

“म्हणजे?”

उस्ताद भुईमुगाच्या शेंगा सोलत राहिले.

त्याच दुपारी दोन वाजता तिला अश्वशाळेतून फोन आला. ती फोनवर ‘गुड मॉर्निंग’ म्हणाली. फोन संपताच उस्तादांनी विचारलं, “दुपारी दोन वाजता कसली सकाळ?”

“तिकडे आत्ता साडेनऊ वाजलेत, उस्ताद. ते आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहेत. आपल्याकडे सूर्य आधी उगवतो.” मग तिला राहवलं नाही. “पृथ्वी गोल आहे, हे तरी माहीत असेल ना?”

“ऐकलंय,” उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी तिला कुंपणापाशी नेलं.

आत एक कुमेत घोडी उभी होती. लालसर अंग, काळी आयाळ, काळे पाय. मारवाडातून बाजारात आली आणि तिथून दहा दिवसांपूर्वी इथे. माणूस दहा पावलांच्या आत असला, तर ती पाण्याला तोंड लावत नसे. अंगण रिकामं झालं की घाईघाईने चार घोट प्यायची आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभी राहायची.

“तू आत बसलेली असताना हिने पाणी प्यायलं,” उस्ताद म्हणाले, “की सही.”

“करायचं काय मी?”

“पाणी भर. बस.”

“आणि?”

“आणि काय?”

असे दोन दिवस गेले. ऋजुताने पाणी भरलं, लीद काढली, उपड्या घमेल्यावर बसून राहिली. घोडी कोपऱ्यात. बादलीतल्या पाण्यावर गवताच्या काड्या तरंगत राहिल्या.

“हिचं नाव काय?” तिने गुरुवारी विचारलं.

“असेल काहीतरी.”

“अकरा दिवसांत तुम्ही नावसुद्धा ठेवलं नाही?”

“तिला आहे ना एक.”

पागेत आणखी पाच घोडे होते. त्यांच्याशी उस्ताद दिवसभर बोलत. गुडघ्याचं दुखणं सांगत, सुनेच्या तक्रारी सांगत, काल पडलेलं स्वप्न सांगत. पण या कुमेत घोडीजवळून जाताना तोंड मिटून घेत. चारा टाकायचा, गप्प. अंग घासायचा खरारा भिंतीवर टांगलेलाच.

“हिच्याशी का नाही बोलत?”

“परमुलखातून आलेल्या घोडीशी पहिले पंधरा दिवस आपल्या भाषेत बोलायचं नाही. पद्धत आहे.”

पद्धत. हा शब्द ऐकला की ऋजुताच्या कानशिलात ठणका लागायचा. थोरांच्या तोंडी ‘पद्धत आहे’ आलं, की त्यामागे कारण नसतं, हे तिने बाराव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

आणि आता शुक्रवारचे साडेदहा वाजले होते. कागद तसाच होता, आणि उस्ताद तिला नालाला काय म्हणतात ते विचारत होते.

“उस्ताद, आज शेवटचा दिवस आहे.”

“बुधवारी सांगितलंस.”

“काल पण सांगितलं.”

“काल दोनदा.”

ऋजुता उठली. तरातरा आत गेली. बादली उचलून घोडीच्या दिशेने दोन पावलं टाकली.

“ये. ये गं. पाणी पी.”

घोडीने कान मागे पाडले.

“आ जा. पानी. वॉटर. कम. ...व्हॅन. कॉम.”

घोडीच्या बगलेवरचं कातडं थरथरलं. ती आणखी मागे सरकली. आता मागे कुंपणच होतं.

ऋजुताने बादली आपटली. अर्धं पाणी तिच्याच पायांवर सांडलं.

“तुम्हा सगळ्यांचं एकच!” ती उस्तादांवर ओरडली. “कॉलेजात तेच, घरी तेच, इथे तेच. नीट काही सांगायचं नाही, आणि समोरच्याला जमलं नाही की मान हलवत बसायचं. तुम्हाला येत असेल तर शिकवा. येत नसेल तर येत नाही म्हणा. शेंगा कसल्या सोलताय!”

उस्तादांनी हातातली शेंग खाली ठेवली.

पलीकडच्या तबेल्यात एक घोडं फुरफुरलं.

“किती शब्द येतात म्हणालीस तुला?”

“तीनशे बारा.”

“हिलाही येतात. तेवढे असतील, थोडे कमी असतील. ‘ये’ला एक, ‘थांब’ला एक, पाण्याला एक. रात्री कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणत असेल, तोही एक.” उस्ताद थांबले. “बारा दिवसांत त्यातला एकही इथे कुणी बोललेला नाही...”

ऋजुता ओल्या पायांनी उभी राहिली. मग तिचा चेहरा एकदम उजळला.

“एवढंच ना? मग सोपंय!”

तिने फोन काढला. हॉस्टेलमध्ये तिची एक मैत्रीण होती, किरणकंवर, जोधपूरकडची. तिचे आजोबा घोड्यांतले. पाच मिनिटांत आजोबा फोनवर होते.

उस्तादांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

ऋजुताने आवाज मोठा केला आणि फोन पुढे धरला.

आजोबा बोलू लागले. त्यांच्या मुलखाच्या भाषेत, सावकाश, रुसलेल्या लेकीला समजवावं तसं. मध्येच जीभ टाळूला लावून एक बारीक आवाज करायचे, मग पुन्हा बोलायचे.

घोडीचे कान उभे राहिले.

एक पाऊल. दुसरं. मान लांब करून ती फोनपर्यंत आली. तिचं मऊ नाक ऋजुताच्या बोटांना लागलं. फोनमधून पुन्हा तो बारीक आवाज आला, तशी घोडीने मान खाली घातली आणि बादलीत उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

“प्यायली!” ऋजुता कुजबुजली. मग मोठ्याने म्हणाली, “बारा दिवस, उस्ताद! बारा दिवस तुम्ही जे करत बसलात, ते मी पाच मिनिटांत...”

आजोबांनी निरोप घेतला. फोन बंद झाला.

घोडी वाट बघत राहिली.

तिने फोन हुंगला. ऋजुताचा हात हुंगला. ओढणी हुंगली. तिच्या पाठीमागे डोकावून पाहिलं. मग फाटकाकडे वळली, मान वर केली आणि खिंकाळली.

असं खिंकाळणं ऋजुताने कधी ऐकलं नव्हतं. अभ्यासक्रमात नव्हतं ते.

घोडी थांबली. कान फाटकाकडे. उत्तर आलं नाही. पुन्हा खिंकाळली. मग कुंपणाच्या कडेने धावू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा या टोकापर्यंत. वळताना छाती बांबूंवर आदळत होती. गळ्याला फेस आला.

“थांब! ए, थांब ना...”

उस्ताद फाटकाबाहेर उभे होते.

“येणार आहे का तो?”

“कोण?”

“ज्याने हाक मारली.”

ऋजुताला चीड आली. “तुम्हाला माहीत होतं! तुम्ही सांगायला हवं होतं मला!”

“सांगितलं असतं तर?”

“तर मी केलं नसतं.”

उस्ताद तिच्याकडे पाहत राहिले.

“...केलं असतं,” ती म्हणाली.

घोडी आणखी एकदा आदळली. एक बांबू तडकला.

“आण कागद,” उस्ताद म्हणाले. “तू आत होतीस, हिने पाणी प्यायलं. तसं ठरलं होतं. करतो सही.”

ऋजुता फाटकाकडे निघाली. पिशवी तिथेच अडकवलेली होती. तिने कागद काढला. मागे पुन्हा तोच आवाज. छातीचा, बांबूंचा.

तिने कागद फाटकाच्या कट्ट्यावर ठेवला, त्यावर दगड ठेवला.

“आधी हिचं.”

“तुझे पाच वाजतील.”

“अजून अख्खी दुपार आहे. आधी हिचं. सांगा, काय करू?”

“तुझं जे आहे ते कर.”

“माझं काय आहे?” ती रडकुंडीला आली होती. “मला तिची भाषा येत नाही. आपल्या भाषेत बोलायचं नाही म्हणता. माझ्याकडे आहे काय? ही वही?”

उस्तादांनी वहीकडे पाहिलं. निळी शाई, लाल शाई.

“ती तांबडी भाषा,” ते म्हणाले. “तुझी नाही. हिची नाही. माझीही नाही... चालेल.”

ऋजुताने हापशावरून बादली भरून आणली आणि घमेल्याशेजारी ठेवली. घोडीची धावपळ तिला बघवत नव्हती, म्हणून ती घमेल्यावर पाठमोरी बसली. वही उघडली. पहिल्या पानापासून वाचू लागली. घोडीला उद्देशून नाही. कुणालाच उद्देशून नाही.

“हेस्ट. हॉपे. हिंग्स्ट...”

आवाज फाटत होता. तिने घसा खाकरला.

“फेल. ओठ गोल करून. फेल.”

मागे टापा वाजत होत्या. ती वाचत राहिली. लगामाचे शब्द झाले, खोगिराचे झाले, रिकिबीचे झाले. चाऱ्याचे, आजारांचे, चालींचे. तीनशे बारावा शब्द आला. ती पुन्हा पहिल्या पानावर गेली.

दहाव्या वाचनात टापा मंदावल्या. दुडकी... मग चाल. तिने वळून पाहिलं नाही.

ऊन कुंपणाच्या या बाजूला आलं. जीभ कोरडी पडली. क्लासमध्ये हे शब्द तिने गुणांसाठी घोकले होते, आणि तेव्हा प्रत्येक शब्द दुसऱ्यापासून वेगळा, टोकदार वाटायचा. आता ते एकमेकांत मिसळत चालले होते, जात्याच्या घरघरीसारखे.

कितव्या तरी वाचनात, मोजणं सुटल्यावर, टापा थांबल्या.

“पोरी,” फाटकावरून उस्तादांनी हलकेच हाक मारली. “पावणेपाच झाले.”

ऋजुताने ऐकलं. त्याच क्षणी तिच्या मानेवर गरम श्वास आला.

“हेस्टेस्को,” ती तशीच वाचत राहिली. “हॉव. ग्रीमे.”

“सही केलीय मी. कागद तयार आहे. ऊठ, फोटो काढ, पाठव. ते तूच करायचंस, मला येत नाही.”

घोडीने हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवली होती. नुसती टेकवली नव्हती, भार टाकला होता. बारा दिवसांचा. ऋजुताचा खांदा खाली गेला. उठली असती, तर तो भार जमिनीवर पडला असता.

तिने वही धरलेल्या हाताचं एक बोट वर केलं. थांबा.

उस्ताद थांबले. मग फाटक ओढून घेतलं आणि पलीकडच्या तबेल्याकडे निघून गेले.

अंगणात त्या दोघीच राहिल्या.

“स्क्रिट,” ऋजुता वाचत होती. “त्राउ. गालॉप.”

खांद्यावरचा भार उचलला गेला. तिच्या कोपराशेजारी बादलीत तोंड गेलं. घोट... घोट... घोट. इतक्या सावकाश, की मध्ये तिचे चार शब्द वाचून व्हायचे. प्यायल्यावर घोडीने ओल्या तोंडाने वहीचं पान चाखलं. लाल शाई ओघळली. मग ती तिथेच, ऋजुताशेजारी, एक मागचा पाय ढिला सोडून उभी राहिली आणि डोळे अर्धे मिटले.

ऋजुताने वही मिटली. आणखी बराच वेळ ती बसून राहिली. फोन खिशातच होता. तो बघायची तिची हिंमत होत नव्हती.

शेवटी ती उठली. घोडी हलली नाही. फक्त एक कान तिच्यामागे फिरला.

बाहेर उस्ताद खाटेवर बसले होते. शेंगांचं फडकं मांडीवर. कागद बाजूला, त्यावर तोच दगड. ओळीखाली सही होती, कष्टाने काढलेली, एकेक अक्षर नालासारखं वळवलेलं.

ऋजुताने कागद उचलला. पाहिला. फोन काढून वेळ बघितली. कागद खाली ठेवला.

“आता काय उपयोग?” तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “उद्यापासून खुर्ची आणि गादी. मी तुम्हाला तीन दिवस सांगत होते, उस्ताद. तीन दिवस! पाच म्हणजे पाच. त्या लोकांकडे मिनिटाचीही सवलत नसते. आणि आता पाच वाजून दहा मिनिटं झाली.”

उस्तादांनी एक शेंग फोडली. दाणे तिच्या तळहातावर ठेवले.

“कुणाचे पाच?”